चालू यंत्राचं उद्घाटन

प्रत्येक समाजाच्या जीवनात असा एक क्षण येतो, जेव्हा परंपरेचा दीप विझू न देता त्याची वात बदलावी लागते.

हे वाक्य माझं नाही. ते एका निमंत्रणपत्रिकेवर छापलं होतं, वर गणपती आणि खाली कलश. त्यातला समाज म्हणजे मंडणगड तालुक्यातल्या एका गावाचं मुंबईतलं ग्रामस्थ मंडळ, आणि दीप म्हणजे मंडळाच्या चाळीतल्या खोलीत, लोखंडी कपाटाच्या डोक्यावर, पापडाच्या डब्याशेजारी ठेवलेला एक संगणक. वात बदलायचं काम माझ्याकडे होतं. ते मी रत्नागिरीतून करणार होतो. पत्रिकेत माझा उल्लेख ‘तंत्रज्ञ’ असा, मांडववाल्याच्या खालोखाल होता.

त्या संगणकात आमच्या गल्लीतल्या गुरुजींचे शब्द होते.

गुरुजी प्राथमिक शाळेत शिकवून निवृत्त झालेले. नोकरीभर त्यांची बदली होत राहिली. मंडणगडच्या डोंगरातून दाभोळ, दाभोळहून हेदवी, मध्ये आणखी कुठे कुठे, शेवटी रत्नागिरी. बाकीचे मास्तर बदली रद्द करायला जिल्ह्याच्या गावी खेटे घालत. गुरुजी टेपरेकॉर्डर पिशवीत घालून नव्या गावाला निघत. तिथला शब्द तिथल्याच माणसाच्या तोंडून टेपवर घ्यायचा, हा त्यांचा नाद. शब्द लिहिला की निम्मा होतो, असं ते म्हणत. उरलेला निम्मा हेलात असतो, आणि हेल काही कागदावर उतरत नाही. ओढ्याला आपल्याकडे पऱ्या म्हणतात. पण हेदवीची बाई ‘पऱ्या’ म्हणते तेव्हा पाणी सावकाश चाललेलं असतं, आणि मंडणगडचा गडी म्हणतो तेव्हा तो दगडावरून उडी मारतो. हे मला आधी कवित्व वाटलं होतं. मग मी दोन्ही टेपा ऐकल्या, आणि पुन्हा पहिल्यापासून लावल्या.

त्या टेपांमध्ये नुसते शब्द नव्हते. लोक शब्द सांगून थांबत नसत. दाभोळच्या एका मासे विकणाऱ्या म्हाताऱ्या बाईने ‘सुकती’ म्हणजे ओहोटी हे सांगितलं, आणि लगेच पुढे, “ह्ये ऐकून तुमचा साह्यब पाणी मागं घेनार हाय काय?” असंही विचारलं. गुरुजींनी ते कापलं नाही. कातळ, गडगा, तरवा, इरलं, वायंगण, सगळ्यांच्या मागे कोंबडी ओरडते, कुणीतरी खोकतं, कुणी पोराला हाकलतं. त्यातली पुष्कळशी माणसं आता नाहीत. कोंबड्या तर नाहीतच.

काकू, म्हणजे गुरुजींची बायको, या उद्योगाला ‘तुमचं ते’ म्हणत. “तुमचं ते आवरा, पानं घेतल्येत.” आयुष्यभर नवऱ्याने परक्या बायकांना बोलतं केलं, पण ही एक काही यंत्रासमोर बोलली नाही. फक्त एकदा, स्वयंपाकघरात, त्यांनी एक शब्द दिला होता: साकव. वहाळावर टाकलेला छोटा पूल. काकू गेल्यावर त्यांचा आवाज म्हणून जगात जे काही उरलं, ते एवढंच. पोरांच्या लग्नांच्या व्हिडिओ कॅसेटी होत्या, पण त्यांत बँड वाजत होता.

आमच्या हवेत टेपांना बुरशी धरते. मी इथल्या एका कॉलेजात संगणक शिकवत असे, आणि गुरुजींच्या ओटीवर चहा चांगला मिळे, म्हणून आम्ही काही पावसाळे बसून सगळ्या टेपा संगणकात उतरवल्या. दुपारभर टेप चाले. गुरुजी सुपारी कातरत ऐकत आणि मध्येच म्हणत, “हा गेला.” म्हणजे बोलणारा. मग पुढचा शब्द. त्या ओटीवर मी जितका रिकामा आणि जितका सुखी बसलो आहे, तितका नंतर कधी बसल्याचं आठवत नाही.

सगळ्यांना ऐकता यावं म्हणून ते भांडार अशा संगणकावर ठेवायला हवं होतं जो कधी बंद होत नाही. त्याला सर्व्हर म्हणतात. आपल्याकडे पाऊस आला की वीज माहेरी जाते. गुरुजींच्या गावच्या मंडळाची मुंबईची खोली मात्र होती, तिथे वीज होती, इंटरनेट होतं आणि उत्साह तर सांडत होता. तेव्हा यंत्र तिथे गेलं. खोलीत गावची नोकरदार माणसं चटया टाकून राहत. त्यांतला एक पाळीवर काम करणारा वॉचमन, सगळे त्याला भाऊ म्हणत, यंत्रावरची धूळ पुसायचा. मी इथून तारेवरून आत शिरून बाकीचं बघायचो. अशी बरीच वर्षं गेली आणि कुणालाच काही झालं नाही. यंत्राचं हेच तर कौतुक.

मग त्याची मूळ प्रणाली, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम, म्हातारी झाली. तिच्या दुरुस्त्या मिळणं बंद झालं. इंटरनेटवर तसं यंत्र ठेवणं म्हणजे गडग्याचं बेडं, म्हणजे कुंपणाचं फाटक, उघडं टाकून गावाला जाणं, गुरं शिरायचीच. ती काढून नवी बसवायला हवी होती.

समोर असलेल्या यंत्राची प्रणाली बदलणं कठीण नाही. बिघडलं तर पुन्हा पहिल्यापासून. पण लांबच्या यंत्रात माणूस ज्या प्रणालीतून आत शिरलेला असतो, तीच त्याला उपटायची असते. म्हणून पहिला नियम असा की आधी सगळ्याची प्रत काढावी, आणि दुसरा असा की ती प्रत उघडून बघावी. दुसरा नियम कुणी पाळत नाही. मी पाळला, तेव्हा कळलं की माझ्या कपाटातल्या जुन्या प्रतीला खाऱ्या हवेने आतून खाल्लं होतं. मूळ टेपा तर कधीच्या बुरशीने गेल्या होत्या. म्हणजे ते सगळे आवाज आता फक्त मुंबईतल्या त्या कपाटावर होते, आणि वर्षानुवर्षं एकदाही न थांबता फिरणाऱ्या एका डिस्कवर होते. अशी डिस्क चालत असते तोवर चालते. थांबवली तर पुन्हा उठेलच असं नाही. म्हाताऱ्या माणसाला जमिनीवर बसवू नये, तसंच.

मी नवी प्रत काढायला घेतली. खोलीतली इंटरनेटची लाइन सगळ्यांत मिळून एक, आणि मंडळींना सिनेमे बघायचे असत, त्यामुळे शब्द रत्नागिरीत ठिबकत ठिबकत येत होते. अ पासून, वर्णानुक्रमाने.

“गुरुजी,” मी म्हटलं, “साकव आधी आणून ठेवतो. पाच मिनिटांचं काम.”

“का?”

“का म्हणजे? काकूंचा आहे.”

“मग? काकू काय आकाशातून पडली? स आला की येईल. माझ्या पोरालासुद्धा मी कधी पहिल्या बाकावर बसवलं नाही.”

“अहो, शाळा नाही ही.”

“सगळीकडे शाळाच असते हो, कम्प्युटरवाले. रांग ती रांग.”

मी हसलो आणि सोडून दिलं. यंत्र चालू होतं, रांगही चालू होती.

इकडे मंडळाला बातमी लागली होती. प्रणाली बदलणार म्हणजे नवीन काहीतरी होणार, आणि नवीन काही होणार तर त्याला पाहुणा हवा. गावातून मुंबईत येऊन इमारती बांधणारे एक गृहस्थ एका रविवारी मोकळे होते. झालं. माझी प्रत पुरी झाली आहे का, हे कुणी विचारलं नाही. शामियाना मिळतो का, हे विचारलं. मी मंडळाच्या अध्यक्षांना फोन करून म्हटलं, “साहेब, कार्यक्रम करा, भाषणं करा, पण यंत्राला हात लावू नका. ते बंद करायचं नाही.”

“छे छे,” अध्यक्ष म्हणाले. “आम्ही त्याच्याकडे बघणारसुद्धा नाही.”

पत्रिकेवर ‘कळ दाबून उद्घाटन’ असं छापलेलं मी वाचलं होतं. पण पत्रिकेवर छापलेलं कुणी खरोखर करेल, ही शंका मला आली नाही. इतकी वर्षं सभासमारंभ पाहूनही ती येऊ नये, हे नवलच.

रविवारी सकाळी गुरुजींच्या ओटीवर लॅपटॉप मांडून आम्ही दोघं बसलो. एका खिडकीत सोहळा दिसत होता, दुसरीत शब्द येत होते: वहाळ, वाफा, वायंगण. गुरुजींनी इस्त्रीचा सदरा घातला होता, कारण आपण दिसू असं त्यांना वाटलं. आम्ही दिसत होतो, पण आमचा आवाज मंडळाने तिकडूनच बंद ठेवला होता. भाषणांत व्यत्यय नको म्हणून.

चाळीच्या व्हरांड्यात टेबल होतं, त्यावर भगवी झालर. पहिल्या वक्त्याने गुरुजींचा ‘शब्दमहर्षी’ असा गौरव केला. गुरुजी म्हणाले, “हा सातवीत दोनदा बसलाय.” दुसऱ्याने सर्व्हरला ज्ञानगंगा म्हटलं. तिसरा बोलायला उभा राहिला तेवढ्यात अध्यक्ष सेक्रेटरीच्या कानाशी लागले. मग मागच्या खोलीतून दोन माणसं कपाटावरचं यंत्र पाळणा धरावा तसं धरून बाहेर घेऊन आली. मागे वायर लोंबत होती.

दुसऱ्या खिडकीत ‘शाकारणी’ हा शब्द आला, आणि त्याच्याखाली काही आलं नाही.

मी ओरडलो. गुरुजीही ओरडले. मुंबईत आमची तोंडं तेवढी हलताना दिसली असतील. प्रेक्षकांतल्या एकाने आम्हाला हात केला. अध्यक्षांचा फोन लागेना, सेक्रेटरी उचलेना. सगळ्यांचे फोन सोहळ्याचं चित्रीकरण करत होते. पुढे अध्यक्षांनी मला याचा खुलासा केला, आणि तो अगदी तर्कशुद्ध होता. ते म्हणाले, “अहो सर, चालू गाडीचं उद्घाटन करतात होय? पाहुण्यांनी कळ दाबायची, तर ते आधी बंद नको?”

यंत्राला कुंकू लागलं. पुढच्या बाजूला जिथून त्याला हवा मिळते, तिथे झेंडूचा हार बसला. पाहुण्यांनी नारळ वाढवला, पुढे होऊन बोट उचललं, छायाचित्रासाठी थांबले, आणि कळ दाबली.

टाळ्या झाल्या. बाकी काही झालं नाही.

“म्हणजे स राहिला,” गुरुजी म्हणाले. अडकित्ता त्यांच्या हातात तसाच उघडा होता.

पाहुण्यांनी पुन्हा कळ दाबली. पुन्हा टाळ्या. गुरुजी माझ्याकडे बघत नव्हते. बघितलं असतं तर बरं झालं असतं. त्यांची नजर त्या ‘शाकारणी’खालच्या रिकाम्या ओळीवर होती. समोर चौथं भाषण सुरू झालं होतं.

शेवटी माझा फोन वाजला. भाऊ. तो पाळीवरून आला होता आणि गर्दीमुळे त्याला खोलीत शिरता येत नव्हतं.

“सर, तुमी हात का हलवताव मगासपासनं?”

“भाऊ, यंत्र बंद आहे! चालू झालं नाही!”

“चालू कसं होनार? एकच बोर्ड हाय भायेर, त्याच्यावर माइक लावल्यानी.”

“मग माइक काढ.”

“अध्यक्ष बोलतायत ओ.”

“काढ, माझ्या नावावर काढ.”

अध्यक्ष ‘या तंत्रयुगात’ एवढं म्हणाले आणि त्यांचे ओठ नुसतेच हलू लागले. आता आम्ही आणि ते एकाच परिस्थितीत होतो. भाऊने हार बाजूला केला, वायर खोचली, कळ दाबली आणि फोन यंत्राला लावला. आधी पंखा. मग आतून एक बारीक आवाज: कर्र, थांब, कर्र, थांब.

“घरघरतंय, सर. आमच्या म्हाताऱ्यासारका.”

“असू दे. हलवू नकोस.”

कर्र. मग तो आवाज लांबला, आणि लांबतच राहिला. डिस्क फिरायला लागली होती.

भाऊने लाइनची वायर जोडली. पलीकडे यंत्र जागं आहे का हे बघायला इकडून हाक मारायची असते. ते उत्तर देईपर्यंत पडद्यावर काही दिसत नाही. गुरुजींच्या संग्रहात या हाकेला शब्द आहे, हाळी: या डोंगरावरून त्या डोंगरावर घालतात ती. मी हाळी घालत होतो. बऱ्याच वेळाने पलीकडून ओ आली. मी आत शिरलो. स होता. सगळा होता.

“गुरुजी,” मी म्हटलं, “आता?”

त्यांनी अडकित्ता मिटला. “तेवढा एक आणा,” ते म्हणाले. “मग पुन्हा रांग.”

मी साकव आणला आणि वाजवला. भांड्यांचा आवाज, मग काकू, अगदी जवळून: “साकव. साकव म्हंजे साकव. झालं? आता सरा बाजूला, दूध उतू जाईल.”

गुरुजी खाली बघत म्हणाले, “गेलंच होतं.”

“सगळं?”

“अर्धंअधिक. मग मला दोन दिवस कोरा चहा होता.”

मी पुन्हा वाजवला नाही, आणि त्यांनीही सांगितलं नाही. शा च्या पुढे रांग सुरू झाली. शिपणं आलं, मग बाकीचे. ‘ह’ संपला तेव्हा मी ती प्रत उघडून बघितली, मग तिचीही प्रत काढली, आणि ती डोंगरापलीकडे कोरड्या हवेत एका नातेवाइकाकडे पाठवली.

मग राहिलं ते मूळ काम. त्याची एक भित्री रीत आहे, आणि मी ती भित्रेपणानेच वापरतो. जुनी प्रणाली काढायची नाही. तिच्या शेजारच्या रिकाम्या जागेत नवी बसवायची. मग यंत्राला सांगून ठेवायचं: या खेपेला नव्यात उठ, पण ठरल्या वेळात मी येऊन ‘पोचलो’ म्हटलं नाही, तर काही न विचारता पुन्हा जुन्यात जा. गुरुजींना हे एकदम पटलं. दाभोळच्या खाडीत एका होडीतून दुसरीत जाताना तांडेल ओरडायचा, ते त्यांना आठवलं: दुसरीत पाय टेकल्याबिगर पयलीतला उचलू नका.

“ही युक्ती कुणी काढली?” त्यांनी विचारलं.

“ज्यांचं एकदा बुडालं असेल त्यांनी.”

पहिल्या खेपेला नव्या प्रणालीने ओ दिली नाही. मी हाळ्या घातल्या, वेळ संपली, आणि यंत्र सांगितल्यासारखं मुकाट जुन्यात परतलं. नोंदी वाचल्यावर कारण कळलं. नव्या प्रणालीने नेटवर्कच्या कार्डाला नवीन नाव ठेवलं होतं, आणि माझ्या सूचना सगळ्या जुन्या नावाच्या. लग्नात नाव बदललेल्या मुलीला सासरी जाऊन माहेरच्या नावाने हाक मारावी, आणि घरातल्यांनी “अशी इथे कुणी नाही” म्हणावं, तसं. नाव दुरुस्त केलं. दुसऱ्या खेपेला ओ लगेच आली. पडद्यावर नव्या प्रणालीचं नाव होतं. गुरुजींनी ते वाचलं, आणि सुपारीची खांडं माझ्या तळहातावर ठेवली. सत्कार झाला.

गुरुजी जाऊन आता काही वर्षं झाली. ओटीला कुलूप आहे, मुलगा पुण्याहून वर्षातून एकदा येऊन झाडून घेतो. मी त्या बाजूने जाताना पाय अजून आपोआप वळतो आणि मग पुन्हा सरळ होतो. आवाज मात्र आहेत. कधी दुपारी करमेनासं झालं की मी ‘सुकती’ हा शब्द लावतो आणि दाभोळची म्हातारी मला पाण्याचा जाब विचारते. साकव मी लावत नाही. तो माझा नाही.

मागे मुंबईला गेलो होतो, तेव्हा मंडळाच्या खोलीत डोकावलो. भिंतीवर काळ्या ग्रॅनाइटची कोनशिला चिकटवली आहे. खोली भाड्याची असल्यामुळे ती खिळ्यांनी ठोकलेली नाही. तिच्यावर सोनेरी अक्षरांत लिहिलं आहे की नव्या संगणकप्रणालीचा शुभारंभ माननीयांच्या शुभहस्ते त्या रविवारी झाला. त्या रविवारी चालू झाली ती जुनीच प्रणाली होती. नवी बसली ती पुढच्या आठवड्यात, मंगळवारी दुपारी. तेव्हा यंत्राशेजारी भाऊ एकटाच होता, आणि तो झोपला होता.